पान चौथं

कोयाक्कांची एकच अट आहे :
स्ट्रॉबेऱ्या पाचच.
मागच्या मेनूत सात होत्या,
आणि जुफैरच्या एका गिऱ्हाइकाने
बोटाने मोजून वाडगा परत पाठवला.

तर पाच.
गुदैबियाच्या या मागल्या गल्लीत, भर दुपारी,
शटर अर्धं खाली ओढून
मी चिमट्याने एकेक बसवते,
देठ आत, बिया उजेडाकडे.
उजेड मागून हवा.
समोरून आला की फळ
पासपोर्टवरच्या माझ्यासारखं दिसतं,
काहीतरी लपवत असल्यासारखं.

आइस्क्रीम म्हणून उकडलेला बटाटा.
बर्फ म्हणून प्लास्टिक.
दव म्हणून अर्धं पाणी, अर्धं ग्लिसरीन,
छोट्या पिचकारीने, श्वास रोखून.
बाहेर शेहेचाळीस.
सफरचंदाच्या फोडीला लिंबू चोळलं
की वीस मिनिटं ती म्हातारी होत नाही.
वीसच.

शहिदुल फळं धुतो, मी स्टिकर सोलते :
अंजीर तुर्कस्तान, किवी इराण,
आंबा मुलतान, केळं फिलिपिन्स.
सगळे लाइटच्या स्टँडवर चिकटवते.
तीन वर्षांत तो स्टँड असा झालाय
की विमानतळावर आधी त्यालाच बाजूला घेतील.

"दीदी, हे खायचं?"
ज्यावर उजेड जुळवून पाहिला ते ताट तो दाखवतो.
ते खा. हे नको, याला ग्लिसरीन आहे.
तो दोन्ही ताटांकडे आळीपाळीने बघतो,
मग पांढरा थर्माकोल,
मी न सांगता, बोटभर वर उचलतो.
डाळिंबावरची सावली उतरते.
दाणे आतून पेटतात.
तसाच धर, मी म्हणते. हलू नको.

माझे बाबा सावंतवाडीत
लाकडाची फळं रंगवायचे.
पांगाऱ्याचं लाकूड, चिंचोक्याची खळ, मग रंग.
केळं पिवळं होऊन वाळलं
की चार केसांच्या कुंचल्याने
टोकाशी दोन काळे ठिपके, एक चरा.
"डाग नसलो तर केळा खोटा दिसता."
एकदा बेळगावच्या पाहुण्याने
बोलता बोलता चक्क चावा घेतला.
ते केळं बाबांनी विकलं नाही.
दात उमटलेत त्यावर,
अजून आहे, देव्हाऱ्याच्या खालच्या फळीवर.

संध्याकाळी शहिदुल मशिदीमागच्या झाडाचं
एक फळ घेऊन आला, खाली पडलेलं, लालभडक.
इथे म्हणतात लोज.
अरे, हा तर आपला बदाम,
शाळेच्या कुंपणाबाहेरचा!
त्याच्यावर स्टिकर नव्हता.
एक फोटो काढला, उगाच, मेनूत नाही म्हणून.
मग ट्रायपॉडच्या पायाने कोय फोडली
आणि आतली बी, ती केवढीशी असते,
दोघांत वाटून घेतली.

रात्री लॅपटॉपवर मी
बाबांच्या उलट काम करते.
आंब्याचा चीक पुसते, अंजिराची चीर बुजवते,
द्राक्षांवरची पांढरी धूळ मात्र वाढवते,
ती असली की लोकांना ताजं वाटतं.
साडेअकराला कोयाक्कांचा निरोप :
केळ्यांवर काळं काहीतरी आहे. काढ.
काढलं.
दुसऱ्या पानावरचं, सातव्यावरचं, नवव्यावरचं.
चौथ्या पानावर एक राहिलं.
झोप आली होती, असं समजा.

मेनू लॅमिनेट होऊन आले.
महिन्याभराने जेवायला गेले
तर शेजारच्या टेबलवर एक मुलगी
चौथं पान नखाने खरवडत होती.
आईने तिचा हात बाजूला केला
आणि स्वतः खरवडून पाहिलं.

सगळेच करतात, शहिदुल म्हणाला.
तो रोज सकाळी ओल्या फडक्याने
चाळीस मेनू पुसतो.
चौथं पान जरा जास्त.